भीतीच्या दिवसांत बायबल कुठून उघडायचं?

बायबल हातात आलं की बहुतेक जण पहिल्या पानापासून वाचायला घेतात. उत्पत्ती झपाट्यानं संपतं, निर्गम तांबड्या समुद्रापर्यंत खेचून नेतं, मग निवासमंडपाच्या फळ्यांची आणि पडद्यांची मापं सुरू होतात आणि लेवीयमधल्या होमबलींपाशी पुस्तक कपाटात जातं. ज्याला उद्याच्या रिपोर्टची धाकधूक आहे, ज्याची नोकरी डळमळतेय, ज्याला रात्री दोन वाजता जाग येते आणि मग झोप लागत नाही, त्यानं या वाटेनं जाऊच नये. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, ती इथे सांगतो.

लिहितोय ते अगदी नवख्यांसाठी. कुणी नुकतंच मंडळीत यायला लागलंय, कुणी लग्नानंतर ख्रिस्ती घरात आलंय, कुणी माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या प्रार्थनेला, वर्षानुवर्षं मेणबत्ती लावतंय पण पुस्तक कधी उघडलेलं नाही. धर्म कोणताही असो, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे हिरमोड होणार नाही. 'देव राखतो' असं बायबल म्हणतं तेव्हा संकट येणारच नाही, अशी हमी ते क्वचितच देतं. 'मी तुझ्याबरोबर आहे' हे मात्र ते पानोपानी म्हणतं. दिलासा शोधायचा तो इथे.

पहिली पायरी: प्रत आणि पत्ता

मराठीत 'पवित्र शास्त्र' म्हणून जी प्रत बहुतेक चर्चमध्ये वापरली जाते तिची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे: 'परात्पर', 'साहाय्य', 'उणे'. सोप्या मराठीतल्या आवृत्त्याही मिळतात. माझं मत विचाराल तर गोष्टी सोप्या भाषेत वाचाव्यात आणि स्तोत्रं जुन्या भाषेत, कारण ती तोंडात बसतात. मराठीत हे काम काही काल-परवाचं नाही. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, १८११ साली श्रीरामपूरला छापला गेला (हे श्रीरामपूर बंगालातलं, आपलं नगरकडचं नव्हे), आणि पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं.

छापील प्रत चर्चच्या ऑफिसात विचारली तर मिळते किंवा कुठे मिळेल ते सांगतात. घरात चष्मेवाले असतील तर मोठ्या अक्षरांची मागा. फोनवर यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, त्यात मराठी आहे. मजकूर आधी डाउनलोड करून ठेवा, भुयारी मेट्रोत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आता पत्ता. '९१:४' असं लिहिलं असेल तर अध्याय किंवा स्तोत्र ९१, ओवी ४. आपल्याकडे चर्चमध्ये 'ओवी' म्हणतात, काही जण 'वचन' म्हणतात, दोन्ही एकच. कॅथलिकांच्या जुन्या पुस्तकांत स्तोत्रांचे आकडे बरेचदा एकानं मागे असतात, म्हणजे आपलं २३वं तिथे २२वं. आजीच्या पुस्तकात भलतंच स्तोत्र निघालं तर घाबरू नका, एक स्तोत्र मागे जाऊन बघा.

दुसरी पायरी: भीतीला नाव द्या

बायबलच्या साधारण मध्यावर स्तोत्रसंहिता आहे. एकूण १५० स्तोत्रं. सुरुवात इथून करायची, पण पहिल्यापासून ओळीनं नाही.

बांद्र्याच्या जत्रेत मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं विकायला असतात. माणूस नेमकं जे दुखतंय तेच हातात घेऊन मोतमाउलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चची, चढण चढतो. वाचायला बसतानाही तसंच करा. 'मन अस्वस्थ आहे' एवढ्यावर थांबू नका. कागदावर एका ओळीत लिहा: 'बायोप्सीचा रिपोर्ट शुक्रवारी आहे.' 'भाड्याचं घर पुढच्या महिन्यात सोडायचंय.' 'ऑफिसात माझ्यामागे काहीतरी चाललंय.' मग त्या ओळीजवळचं स्तोत्र निवडा.

झोप उडाली असेल तर ३ आणि ४. तिसऱ्याच्या मथळ्यात प्रसंगही दिलाय: दावीद राजाचा स्वतःचा मुलगा अबशालोम बंड करून उठलाय आणि म्हातारा राजा राजधानी सोडून पळतोय. अशा रात्री तो लिहितो की मी आडवा झालो, झोपलो आणि जागा झालो. एवढंच. ज्याची झोप गेलीय त्यालाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे.

लोकांची भीती असेल, बदनामी, कोर्टकचेरी, तर २७ आणि ५६. सत्तावीसमध्ये आईबापांनीही टाकलं तरी देव जवळ घेईल अशी ओळ आहे, घरातून तुटलेल्या माणसानं ती जरूर शोधावी. एकटेपणाला १३९. दवाखान्याला २३. पावसापाण्याला, जमीन हादरवणाऱ्या मोठ्या आपत्तीला ४६, आणि त्याच्या जोडीला यशयाच्या ४३व्या अध्यायातली दुसरी ओवी: तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि लोक कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून घरी गेले. त्यांतल्या कुणाला ही ओवी वाचून दाखवा. तिथे पाणी टळेल असं म्हटलेलं नाही, पाण्यातूनच चालायचंय, हे त्याला लगेच दिसेल.

आणि घरातच मारहाण होत असेल, तर ५९. या स्तोत्राच्या मथळ्यात म्हटलंय की शौल राजानं (दावीद तेव्हा राजा झाला नव्हता) दाविदाला ठार मारण्यासाठी घरावर माणसं पाळतीला ठेवली होती. ती गोष्ट १ शमुवेलच्या, म्हणजे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या, १९व्या अध्यायात आहे: बायको मीखल त्याला रात्री खिडकीतून खाली उतरवते आणि तो पळून जातो. देवाला आपला दुर्ग म्हणणारा माणूस खिडकीतून निसटला होता. तेव्हा 'देवावर विश्वास आहे ना, मग सहन कर' असं कुणी शास्त्राच्या नावानं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. ११२ला किंवा महिलांच्या १८१ला फोन करा, स्तोत्र सुरक्षित जागी पोचल्यावर वाचता येतं.

तिसरी पायरी: एकच स्तोत्र, आठवडाभर, मोठ्यानं

नवख्यांचा घोटाळा इथे होतो. एका बैठकीत दहा स्तोत्रं वाचली जातात आणि उठल्यावर एकही आठवत नाही. एकच घ्या आणि आठवडाभर तेच वाचा. ओठ हलले पाहिजेत. ही मुळात म्हणायची, गायची गोष्ट आहे. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये मोठ्यानं वाचायची लाज वाटत असेल तर पुटपुटा, नळाला पाणी आलेलं असताना वाचा, गच्चीवर जा.

सुरुवातीला मी १२१वं स्तोत्र सुचवेन. फक्त आठ ओव्या. १२० ते १३४ ही पंधरा 'आरोहणस्तोत्रं' आहेत, सणांसाठी यरुशलेमला चढून जाणारे यात्रेकरू ती म्हणत असं सर्वसाधारणपणे मानतात. वारी ठाऊक असलेल्या माणसाला पायी चालताना गाणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

आता जवळून बघा. पहिल्या दोन ओव्यांत 'मी' बोलतो: डोंगरांकडे बघतोय, मला मदत कुठून येणार, ती आकाश आणि पृथ्वी करणाऱ्या परमेश्वराकडून येणार. तिसऱ्या ओवीपासून आवाज बदलतो. आता कुणीतरी त्या प्रवाशाला सांगतंय: तो तुझा पाय ढळू देणार नाही, तुझा रक्षक डुलकी घेणार नाही. शेवटपर्यंत सगळं 'तू', 'तुझा', 'तुला'. निघालेला माणूस स्वतःची समजूत दोन ओव्या घालतो, उरलेल्या सहा दुसऱ्यानं म्हटलेल्या आहेत.

म्हणून हे स्तोत्र दोघांनी वाचावं. बाहेर पडणाऱ्यानं पहिल्या दोन ओव्या, दारात उभ्या असलेल्या माणसानं बाकीच्या. डबा पिशवीत टाकता टाकता होऊन जातं, सातची डोंबिवली लोकल चुकत नाही. एकटे राहत असाल तर आईला, मावशीला, कुणालाही फोनवर त्या सहा ओव्या वाचायला सांगा आणि रेकॉर्ड करून ठेवा. आपल्याला आपलाच आवाज पटत नाही अशा दिवशी ते रेकॉर्डिंग कामाला येतं.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल घ्या आणि राखण्याचा उल्लेख येतो तिथे तिथे खूण करा. मूळ हिब्रूत तो सहा वेळा आहे. मग काय काय आणि कशाकशापासून राखलं जातंय त्याची यादी करा: पाय, दिवसाचं ऊन, रात्रीचा चंद्र, जीव. आणि सगळ्यात शेवटी जाणं-येणं. विरारहून चर्चगेटला रोज लटकत जाणाऱ्याचं अर्धं आयुष्य या एवढ्याशा जोडशब्दात मावतं, आणि देव त्याचीही राखण करतो म्हणे.

चौथी पायरी: ९१वं स्तोत्र जपून हाताळा

कोविडच्या काळात ९१वं स्तोत्र व्हॉट्सॲपवर घरोघर फिरलं. कारण उघड आहे, त्यात काळोखात फिरणाऱ्या मरीचं नाव आहे. हजार पडतील, दहा हजार पडतील, पण ती तुझ्याजवळ येणार नाही, असंही आहे. मग ज्या विश्वासू घरांत माणसं गेली त्यांनी काय समजायचं? हा प्रश्न नवख्या वाचकाला पडलाच पाहिजे. पडत नसेल तर तो नीट वाचत नाहीये.

बायबलमध्येच याचं उत्तर आहे, आणि ते फार टोकदार आहे. नव्या करारातलं पहिलं पुस्तक मत्तय, त्याचा ४था अध्याय उघडा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना. तो जे म्हणतो ते ९१व्या स्तोत्राच्या ११ आणि १२ या ओव्या आहेत. म्हणजे हे स्तोत्र तावीज म्हणून कसं वापरायचं याचा बायबलमधला नमुना सैतानाच्या तोंडी आहे! येशू तसं करायला नकार देतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको.

दारावर या स्तोत्राची पट्टी लावली असेल तर काढायला मी सांगत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. चौदाव्या ओवीपासून देव स्वतः बोलायला लागतो आणि पंधराव्यात म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट आहे हे देवानंच गृहीत धरलेलं आहे. त्यानंतर पुन्हा वर या, चौथ्या ओवीशी, जिथे तो पाखर घालतो आणि पंखांखाली घेतो. पिलांवर पंख पसरून बसलेली कोंबडी ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक असेल, पाऊस आधी तिच्या अंगावर पडतो.

पाचवी पायरी: तक्रार करायला शिका

नवीन माणूस इथे बिचकतो. देवासमोर गोडच बोलायचं असं त्याला वाटतं. पण अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला विठोबाशी भांडणारे भक्त नवे नाहीत, आणि स्तोत्रांतही तोच सूर आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओव्यांत 'कुठवर?' असा प्रश्न चार वेळा आहे. कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. सहा ओव्यांचं हे स्तोत्र शेवटी गाण्याकडे वळतं.

अठ्ठ्याऐंशीवं वळतही नाही. काळोखात सुरू होतं, काळोखातच संपतं. दिलाशाची एक ओळ शोधायला जाल तर 'माझ्या तारणाऱ्या देवा' एवढी सुरुवातीची हाक सापडेल, पुढे काही नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलंय. ज्या दिवशी २३वं स्तोत्र खोटं वाटतं त्या दिवशी ८८वं वाचा. तोही देवाच्या जवळ असण्याचाच प्रकार आहे, कारण माणूस शेवटच्या ओवीपर्यंत बोलतोय तो त्याच्याशीच.

आठवडेच्या आठवडे काळोखच असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाचनाच्या जोडीला माणूस हवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा.

सहावी पायरी: दोन गोष्टी वाचा

नुसत्या स्तोत्रांवर राहिलं तर सगळं भावनेचं होतं. राखणं प्रत्यक्षात कसं दिसतं ते गोष्टींत कळतं.

पहिली १ राजे १९. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीनं पळालाय, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येतो. उपदेश नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा तेच. परळला केईएम आणि टाटाच्या आसपास पेशंटबरोबर आलेली माणसं चटईवर दिवस काढतात, त्यांतल्या कुणाला काय द्यावं हा प्रश्न असेल तर हा अध्याय वाचा आणि डबा घेऊन जा.

दुसरी प्रेषितांची कृत्ये २७. जहाजावर २७६ माणसं, येशूचा प्रेषित पौल त्यात कैदी. चौदा रात्री वादळ. देवानं सांगितलेलं असतं की जीव एकाचाही जाणार नाही, जहाज मात्र जाईल. आणि तसंच होतं: जहाज फुटतं, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर किनाऱ्याला लागतं. बुडण्याआधी पौल सगळ्यांसमोर भाकर मोडतो आणि सगळे जेवतात. नोकरी गेली, धंदा बसला, घर विकावं लागलं अशा माणसाला हा अध्याय फार जवळचा वाटतो.

सातवी पायरी: आजाऱ्याजवळ वाचताना

आधी विचारा, 'वाचू का?' नाही म्हणाले तर पुस्तक पिशवीत. हो म्हणाले तर २३वं स्तोत्र वाचा: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' सहा ओव्या, सावकाश वाचलं तरी जेमतेम मिनिटभर. वॉर्डात बाजूच्या खाटेवरच्यालाही झोप हवी असते, आवाज त्या बेतानं. चौथ्या ओवीशी, मृत्यूच्या छायेच्या दरीपाशी, नातेवाईक दचकतात आणि ती गाळावी का असं विचारतात. गाळू नका. स्तोत्राचा सगळा भार त्याच ओवीवर आहे, आणि तिथेच 'तू माझ्याबरोबर आहेस' आहे.

मग गप्प बसा. बायबलमधला ईयोब सगळं गमावून बसला तेव्हा त्याचे मित्र त्याच्याशेजारी सात दिवस सात रात्री एक शब्द न बोलता बसले होते, तोवर ते बरे मित्र होते. बोलायला लागले आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

आठवी पायरी: माणसं शोधा, पण डोळे उघडे ठेवून

मुंबईत मराठी ख्रिस्ती उपासना जुनी आहे, अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली इथे उतरले होते. बऱ्याच चर्चमध्ये इंग्रजी आणि मराठी उपासनेच्या वेळा वेगळ्या असतात, त्या आधी विचारून घ्या. कॅथलिक चर्च असेल तर 'मराठी मिस्सा (उपासना) कधी?' असं विचारा. मागच्या बाकावर बसलात तरी चालतं. दानाची थैली फिरते तेव्हा काही टाकलंच पाहिजे असं नाही, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे जायचीही सक्ती नाही. नंतर चहा असतो, तिथे ओळखी होतात. घरगुती प्रार्थनेला बोलावलं तर एकदा जाऊन बघा, मराठी मंडळींत खरी जवळीक तिथे असते.

मात्र प्रार्थनेचे पैसे मागणारा, अमुक इतकं दान दिलंत तर आजार जाईल म्हणणारा, डॉक्टर सोडायला लावणारा भेटला तर तिथून निघा. ९१वं स्तोत्र तोही म्हणत असेल, सैतानानंही म्हटलं होतं.

पुढे काय

पाच-सहा स्तोत्रं अशी आठवडा-आठवडा वाचून झाली की मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं सांगितलेली येशूची गोष्ट, घ्या. १६ अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. चौथ्या अध्यायात ३५व्या ओवीपासून वादळाची गोष्ट आहे, त्यात होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. शिष्य त्याला जे म्हणतात ते तेराव्या स्तोत्राच्या शेजारी ठेवून बघा.

पाठांतर करायचं असेल तर १२१ पासूनच सुरू करा. दिवसाला एक ओवी, आठ दिवसांत होतं, सकाळची आधीची म्हणून मगच नवी घ्यायची. नवव्या दिवशी १३०वं घ्या, तेही आठच ओव्यांचं आहे.